ओल्या भिंतीतला गेरू

गेरू चांगला की भेसळीचा, हे कळायला आम्ही तो चाटायचो. हसू नका, दुसरा उपाय नव्हता. खडा जिभेला लावायचा. चिकटून राहिला तर माल बरा. मग त्याचा कोपरा दाताखाली धरायचा. कचकच लागली की समजायचं, ह्यात विटकरीचा भुगा आहे. आखाडा बाळापूरच्या बाजारात दस्तगीरचाचांचं किराण्याचं दुकान होतं, गेरू, डिंक, नीळ सगळं त्यांच्याकडंच मिळायचं. मी पोत्यापाशी उभा राहिलो की ते आधी चूळ भरायला तांब्याभर पाणी पुढं करायचे आणि म्हणायचे, "चाख बाबा, चाख. मेरा माल खाके देख." आयुष्यभरात मी जेवढी माती खाल्ली तेवढ्यात एखादी चूल सहज बांधून झाली असती. नातसून विचारते, आबा, तुमी पान खात न्हाई तरी दात असे लाल काहून? तिला आता काय काय सांगत बसू.

आमचं घर चिताऱ्याचं, कळमनुरीचं. लग्नघराच्या भिंती रंगवायच्या हा धंदा. लग्न ठरलं की घरधनी सुपारी घेऊन यायचा आणि आम्ही चार दिवस आधी कुंचे-मडकी घेऊन त्या गावी जायचो. ओसरीवरच्या दाराच्या एका बाजूला भालदार, हत्ती, पोपट. दुसऱ्या बाजूला नवरा-नवरी बाशिंग बांधून उभे, आणि त्यांच्या डोक्यावर दोघांची नावं. तेव्हा फोटो कुठं होते खेड्यात? जोडीचं म्हणून जे काही चित्र असायचं ते आमच्या हातचं. नवरीला आम्ही पाहिलेलंही नसायचं. तरी वरमाई म्हणायची, "बघा, अगदी आमच्या सुनेचंच नाक हाय." आम्ही व्हय म्हणायचो.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण पुढं तिचं काम आहे. गेरूचे खडे दोन दिवस भिजत घालायचे, पाट्यावर वाटायचे, मग पाणी घालून ढवळायचं आणि वरचं तांबडं पाणी दुसऱ्या मडक्यात ओतून घ्यायचं. खडे-वाळू पहिल्या मडक्यात राहते. असं तीन मडकी करायचं. तिसऱ्यात जे तळाला बसतं ते लोण्यासारखं असतं, तो आमचा गेरू. भिंतीला चुना द्यायचा, आणि चुना ओला असतानाच गेरूची रेघ ओढायची. ओल्यात ओढली की रेघ चुन्याबरोबर भिंतीत उतरते, वाळल्यावर भिंतीचाच भाग होऊन जाते. नीळ, हळद, काजळी ह्यांना चुना सोसत नाही किंवा ते त्यात उतरत नाहीत, म्हणून ते रंग भिंत वाळल्यावर डिंकात कालवून भरायचे. दिसायला झकपक, पण ते भिंतीच्या वरवर बसलेले असतात. माझा बाप म्हणायचा, बाकीचे रंग पाव्हणे, गेरू घरचा.

ओल्यात काम करायचं तर एकच अडचण. भिंत वाळायच्या आत हात उरकला पाहिजे आणि चुकलं तर पुसता येत नाही. बापाचा हात असा होता की हत्तीची सोंड एका श्वासात ओढायचा. मी त्याच्याइतका नव्हतो. चित्रात मी कुठं कमी पडलो नाही, पण अक्षरात माझा हात अडखळायचा. बाळबोध लिपी मी उशिरा शिकलो, तीही अर्धी बापाकडून, अर्धी देवळातल्या पोथीवरून. हेही पुढं लागणार आहे.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. जवळा बाजारला एका शेतकऱ्याचं समोरच्या घराशी बांधावरून वाकडं होतं. तो म्हणाला, "वाघ काढा, अन् त्याची जीभ समोरच्या दाराकडं बाहेर काढा." काढली. आठ दिवसांनी समोरच्याचं बोलावणं आलं. त्याच्या घरी लग्नबिग्न काही नव्हतं. त्याला हत्ती पाहिजे होता, पाठमोरा, शेपटी वर केलेला, वाघाकडं ढुंगण करून. मी तोही काढला, मन लावून काढला. पुढं त्या दोघांची सोयरीक झाली आणि दोघांनी मिळून मलाच शिव्या दिल्या.

दुसरं एक घर होतं, तिथली सासू तणतणत आली की तुमचा रंग कच्चा, हत्तीचा पाय झिजून चाललाय. मला राग आला. माझा गेरू आणि झिजतो? जाऊन बघतो तर पाय खरंच अर्धा गेलेला, आणि तोही बरोबर हात पोचेल तेवढ्या उंचीवर. मग आतून धाकटी सून पाण्याला बाहेर आली, पाच-सहा महिन्यांची गर्भार, आणि ओठाच्या कडेला तांबडं. पोटुशी बाईला मातीचे डोहाळे लागतात, ते मला ठाऊक होतं. मी सासूला म्हणालो, भिंतीला ओल आहे, रंगाचा दोष नाही पण माझी जबाबदारी. पाय नीट करून दिला. जाताना वेचलेले दोन खडे उंबऱ्यापाशी विसरून गेलो.

तर असा हा धंदा. लोकांना वाटतं, चितारी म्हणजे शोभेचं काम. तसं नव्हतं. निजामाचं राज्य, कचेरीतले कागद उर्दूत, आणि घरातल्या वाटण्या तर बहुतेक तोंडीच. आमच्या पट्ट्यात रीत अशी होती की बाप पोराच्या लग्नात ज्या खोलीच्या दाराशी चिताऱ्याला बसवील, ती खोली त्या जोडीची. तिथं मग भावानं बोलायचं नाही. आमची रेघ म्हणजे त्या घरातला कागदच. हे मला कळायला मात्र एका बाईनं कळवावं लागलं.

बाळापूरहून चालत तासाभरावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून नांदती आहेत. तिथं लिंबाजी आणि नामदेव असे दोन भाऊ. ओसरीवर दोन दारं होती. रस्त्याकडची खोली मोठी, उजेडाची, कोरडी. आतली खोली अंधारी. लिंबाजी थोरला, त्याच्या लग्नात माझा बाप आतल्या दाराशी बसला होता आणि मी खाली पाट्यावर गेरू वाटत होतो. नामदेव बारा-तेरा वर्षांनी धाकटा. त्याच्या लग्नापर्यंत माझ्या बापाची नजर गेली होती, म्हणून मी एकटा गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या बापानं मला रस्त्याकडच्या दाराशी बसवलं. नवरी चंद्रभागा, सगळे चंद्रा म्हणायचे.

नामदेव मोठा हौशी. हिंगोलीला कुठल्याशा कचेरीवर त्यानं काळ्या अक्षरांची पाटी पाहिली होती. मला म्हणाला, "माझं नाव तसं काळ्यात घाला. गेरूत काय, सगळेच घालतात." मी निघताना बाप बजावून म्हणाला होता, नावं ओल्यात घाल. पण मला काळी अक्षरं हवीच होती. नामदेवाची हौस हे सांगायला झालं. खरं कारण, भिंत वाळल्यावर काजळीत सावकाश अक्षर काढता येतं, चुकलं तर ओल्या फडक्यानं पुसता येतं. ओल्यात नाव घालायची मला भीती वाटायची. मी आरामात बसून नामदेव आणि चंद्रभागा अशी वळणदार नावं काढली. लोकांनी वाहवा केली आणि मी ती घेतली.

सहा-सात वर्षांत नामदेव तापानं गेला. म्हातारा बाप त्याच्या आधीच गेला होता. मूलबाळ नव्हतं. तेरावा झाल्यावर लिंबाजीचा निरोप आला की दारावरचं झाकून जा. ह्यात वावगं काही नाही. विधवेच्या डोळ्यासमोर लग्नाचं चित्र ठेवत नाहीत, अशा घरी आम्ही नेहमीच जाऊन चुना द्यायचो. मी नामदेवाचं दार झाकलं. लिंबाजी उभा होता. म्हणाला, "हातासरशी माझंबी झाकून टाक. जुनं झालंय, बरं न्हाई दिसत. अन् खालचं काहीबी दिसता कामा नये."

कामात कसूर करायची मला सवय नाही. मी चुन्यात ताक आणि डिंक घातला, दोन दोन हात दिले. भिंत दुधासारखी पांढरी झाली. लिंबाजी खूष, मीही खूष. दोन्ही दारं एकसारखी दिसायला लागली, ह्याचा अर्थ काय होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लिंबाजी स्वतः कळमनुरीला आला. थोरल्या पोराचं लग्न ठरलं होतं. सुपारी हातात देऊन म्हणाला, "रस्त्याकडच्या दाराशी काढायचं हाय." मी सुपारी घेतली. मला खटकलं नाही असं नाही, पण मी म्हटलं, घरात ठरलं असेल.

त्याच आठवड्यात बाळापूरच्या बाजारात दस्तगीरचाचांच्या दुकानापाशी मी डिंक निवडत बसलो होतो. एक बाई येऊन उभी राहिली. पांढरं कपाळ, पदर नाकापर्यंत ओढलेला.

"चितारीदादा, ती भिंत तुमीच झाकली ना?"

मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. मी तिला तेव्हा नवरी म्हणून काढलं होतं आणि आता समोर उभी होती ती दुसरीच कोणी.

"झाकली बाई. रीत असती ती."

"रीत व्हय. मला तर थोरल्या भाऊजींनी गोठ्यामागं नेऊन टाकलंय. बैलाचं मूत आत येतं. मी म्हटलं, माझी खोली, मामंजींनी दिलेली. तर म्हणून राहिले, रस्त्याकडचं दार माझंच व्हतं, माझ्या लग्नाचं चित्र तिथंच व्हतं, तू परक्याची पोरगी, तुला काय ठाव. पाटलापुढंबी तेच बोलले. भिंत पांढरी. मी काय दाखवू?"

"गावात कोणाला आठवत असंल की."

"बायांना आठवतं. बायांना कोण विचारतं? बाप्यांना विचारलं तर म्हणतात, दोन दारं व्हती, कंचं कोणाचं ध्यानात न्हाई. माहेरी माझं कोणी उरलं न्हाई, दादा. आता पोराचं लग्न हाय. एकदा का त्या दारावर नवं चित्र निघालं, मंग संपलं. अन् ते तुमीच काढणार म्हणं."

मी हातातला डिंक परत पोत्यात टाकला. चाचा आतून सगळं ऐकत होते. मला म्हणाले, "सुपारी ली क्या तूने?"

"घेतली."

"बराबर. तो अब तूच सोच." आणि वजनं मांडायला लागले.

सोचायला काय होतं? मी झाकलं होतं, मलाच उघडायला पाहिजे होतं. पण धंद्याचंही मनात आलंच, खोटं कशाला बोलू. ज्याची सुपारी घेतली त्याच्याच भिंतीवर त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला चितारी कोण बोलावणार? तरी मी चाचांना म्हणालो, "तुमी अन् पाटील दोघं या त्या दिवशी. पुढं माझं मी बघतो." चाचांचा शब्द त्या पाच गावांत चालायचा. ते आले.

लग्नाआधी चार दिवस मी पोचलो. ओसरीवर लिंबाजी, गावचे पाटील, चाचा, आणखी पाच-सहा माणसं. दाराआड बाया. लिंबाजीला वाटलं पाटील सहज आले असतील, त्यानं चहा मांडायला सांगितला. मी कुंचे खाली ठेवले आणि पाटलांना म्हणालो, "नवा चुना द्यायच्या आधी मी खालचं काढून बघणार हाय. मीच झाकलेलं हाय. कोणाचं हाय ते सगळ्यांनी बघावं."

लिंबाजीचं तोंड उतरलं. पण पाटील म्हणाले, "बघू दे की. तुझंच असंल तर तुला काय भ्या?" लिंबाजी बाजूला सरला.

मी ओलं गोणपाट भिंतीला लावून ठेवलं, चुना फुगू दिला, मग करवंटीच्या धारेनं हळूहळू पापुद्रा सोडवायला लागलो. माझाच चुना, ताक-डिंक घातलेला, सुटता सुटेना. मनात स्वतःला शिव्या दिल्या. तासाभरानं पाय दिसले, मग लुगड्याचे काठ, मग नवरदेवाचा शेला. हिरवा-निळा सगळा रंग पापुद्र्याबरोबर निघून येत होता, मागं नुसती गेरूची रेघ राहत होती. माणसं पुढं सरकली. नवरा-नवरी बाशिंगासकट उभे राहिले, तांबड्या रेघेत, जसे मी काढले होते तसे.

मग मी वर गेलो, नावांपाशी. पापुद्रा उचलला. त्याच्या आतल्या अंगाला काळी अक्षरं उलटी चिकटून आली आणि माझ्या हातात चुरा झाली. भिंतीवर काहीच नव्हतं. एक काना नाही, एक मात्रा नाही.

माझे हात तिथंच राहिले. बापानं सांगितलं होतं, नावं ओल्यात घाल.

लिंबाजी हसला. वाईट हसला असं नाही म्हणणार, सुटल्यासारखा हसला. "बघा. चित्र हाय, ते कोण न्हाई म्हणलं? माझंच हाय ते. मी काय सांगत व्हतो?"

"खोटं हाय," मी म्हणालो. "हे मी काढलंय. तुमच्या लग्नात माझा बाप व्हता, आतल्या दाराशी."

"तुझा बाप गेला. तू तवा एवढासा व्हता. काय साक्ष हाय तुझी? अन् तिनं तुला काय दिलं, तेबी सांग की पाटलांना."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. चाचांनीही पाहिलं. इतकी वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, पण असं चोरासारखं कधी उभं राहिलो नव्हतो. पाटील म्हणाले, "चितारी, दुसरं काय हाय का दाखवायला?" मला सुचेना. खरंच सुचेना. नावं गेली हे मनातून जाईना, दुसरं काही मनात येईना.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. मोठ्या दिरापुढं बाई बोलत नसे त्या काळी. चंद्रा बोलली.

"हे जर भाऊजींचं चित्र, तर आतल्या दारावर काय हाय? तेबी झाकलंय. तेबी उघडा."

लिंबाजी उठला. "माझ्या दाराला हात लावायचा न्हाई. घरात लग्न हाय. कोणी सांगितलं भिंती खरवडायला?"

पाटलांनी मान वर केली. आतापर्यंत ते भिंतीकडं बघत होते, ते लिंबाजीकडं बघायला लागले. तरी घर लिंबाजीचं, दार लिंबाजीचं. जबरदस्ती कशी करणार?

आतून लिंबाजीची बायको आली, चंद्राची थोरली जाऊ. तिच्याच पोराचं लग्न, त्याच्यासाठीच ती खोली. हातात पाण्यानं भरलेली बादली. तिनं ती आतल्या दारापाशी, स्वतःच्या दारापाशी, नेऊन ठेवली. कोणाकडं न पाहता परत आत गेली. लिंबाजी तिच्या पाठीकडं बघत राहिला, मग ओसरीच्या कडेला जाऊन बसला.

मी गोणपाट भिजवलं. या वेळी मी खालून सुरुवात केली नाही, सरळ वर गेलो. पापुद्रा सुटला आणि पहिलं अक्षर आलं, लि. गेरूतलं, ठसठशीत, एका श्वासात ओढलेलं. मग दुसरं. मग पूर्ण नाव, लिंबाजी, आणि त्याच्या शेजारी त्याच्या बायकोचं. बापाच्या हातचं ते अक्षर गेल्या साली मी न बघताच झाकलं होतं, आता पाहत होतो. त्याचा ज असा खाली पाय सोडून बसायचा, तसाच बसला होता. मी कपाळ भिंतीला टेकवलं आणि रडलो. माणसं असू द्या नाही तर नसू द्या.

चाचा चष्मा पुसत म्हणाले, "पढो पाटील, मेरेकू मराठी नई आती." त्यांना चांगली येत होती. पण त्यांना ते पाटलांच्या तोंडून मोठ्यानं यायला पाहिजे होतं. पाटलांनी वाचलं.

फार बोलणं झालंच नाही. पाटील म्हणाले, आतलं दार लिंबाजीचं, मग बाहेरचं नामदेवाचं, आणि नामदेवामागं त्याच्या बायकोचं, ती हाय तोवर तिचं. चार जणांनी मान डोलवली. लिंबाजी खाली बघत म्हणाला, "तीन पोरं हाईत मला, पाटील. एक अंधारी खोली. कुठं घालू मी त्यांना?" त्या वेळी मला त्याचा राग होता. आता मी चार सुनांचा सासरा आहे आणि माझ्याही घराला दोनच दारं आहेत, तेव्हा इतका राग येत नाही. त्यानं तिला नाडलं हे खरं, आणि त्याला खोली पाहिजे होती हेही खरं.

सुपारी मी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती उचलली नाही. त्याच्या पोराचं चित्र दुसऱ्या कोणी काढलं असेल, मला माहीत नाही. त्या साली मला लग्नं कमी मिळाली, ते मात्र माहीत आहे. पुढं पुढं निजामाचं राज्य जायच्या गडबडीचे दिवस आले, लोक गावं सोडून नदीपलीकडं वऱ्हाडात गेले, लग्नंच थांबली. तो विषय वेगळा.

त्या दिवशी माणसं उठून गेली, चाचा बैलगाडीत जाऊन बसले, मी कुंचे गोळा करत होतो. चंद्रा गोठ्यामागून आपलं सामान घेऊन आली. एक ट्रंक, एक वळकटी, दोन भांडी. तिनं ते रस्त्याकडच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन भिंतीसमोर उभी राहिली.

"चितारीदादा, चुना हाय का तुमच्यापाशी?"

"हाय. लग्नासाठी आणलेला. काहून?"

"हे झाकून टाका."

मला वाटलं मी चुकून काही तरी ऐकलं. "अगं बाई, एवढं करून? याच्यासाठीच तर—"

"याच्यासाठी न्हाई. खोलीसाठी. खोली मिळाली." तिनं पदर मागं सारला. पहिल्यांदाच मी तिचा चेहरा नीट पाहिला. "दिवसातून दहा येळा मी या दारातून जाणार. अन् ही पोरगी हितं उभी राहणार, बाशिंग बांधून, हातभर चुडा घालून. माझ्याकडं बघत. कसं जगू मी?"

"उद्या पुन्हा कोणी म्हणालं तर, खोली तुझी न्हाई म्हणून?"

"गावानं बघितलं आता. तुमी बघितलं. कोणी विचारलं तर सांगाल का न्हाई?"

"सांगीन."

"मंग झालं."

मी चुना कालवला. कुंचा बुडवून हात वर नेला, तेव्हा तिनं तो माझ्या हातातून घेतला. म्हणाली, "तुमी जरा तिकडं बघा." मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. मागून कुंचा फिरल्याचा आवाज येत होता, मग थांबला, बराच वेळ थांबला, मग पुन्हा आला. वळून पाहिलं तेव्हा नवरदेव नव्हता. पायापासून बाशिंगापर्यंत तेवढी भिंत पांढरी होती आणि शेजारी नवरी एकटी उभी होती.

तिनं कुंचा माझ्याकडं दिला. "हिला तुमी झाका," म्हणाली आणि आत गेली.

मी काढलेल्या नवऱ्यांत ती मला सगळ्यांत साधलेली होती. मी चुना घेतला आणि तिला झाकलं.